डाग कोणाचा पुसला, कोणाचा राहिला

शिक्षा भोगून झाली की अपराध फिटला, असे कायदा मानतो. समाज तसे मानत नाही. तुरुंगाबाहेर आलेल्या माणसाच्या पायांत एक न दिसणारी बेडी राहते आणि पुष्कळदा ती त्याच्या मुलानातवंडांच्याही पायांत अडकते. ही बेडी कोणाच्या पायांतून गळून पडते आणि कोणाच्या पायांत पिढ्यान् पिढ्या तशीच राहते, हा प्रश्न केवळ इतिहासाच्या अभ्यासकांचा नव्हे. रोहा, अष्टमी, पेण, सुधागड ह्या भागांतील वाड्यावस्त्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढे तो रोज उभा असतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश साम्राज्याने आपल्या प्रजेपैकी लक्षावधी माणसांना समुद्रापार हद्दपार केले. आयर्लंडमधील कैदी ऑस्ट्रेलियाला गेले. हिंदुस्थानातील कैदी पिनांग, सिंगापूर, मॉरिशस, एडन आणि अंदमान येथे गेले. राज्यकर्ते तेच, शिक्षेचे नाव तेच, बेड्याही त्याच. परंतु आज ऑस्ट्रेलियातील कुटुंबे आपला पणजोबा कैदी म्हणून आला होता, हे अभिमानाने सांगतात. आणि महाराष्ट्रात ज्या जमातींनी इंग्रजांविरुद्ध हत्यार उचलले, त्यांच्या वंशजांना पोलीस चौकीत आपले आडनाव सांगताना आजही बिचकावे लागते. एकाच शिक्षेची ही दोन फळे कशी निपजली, ह्याचा विचार केल्याशिवाय स्वातंत्र्यवीरांच्या जयंत्या आणि पुण्यतिथ्या साजऱ्या करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

शिक्षा की मजुरांचा पुरवठा?

हद्दपारीची शिक्षा नैतिक हेतूने निर्माण झाली नाही. १७८८ ते १८६८ ह्या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजारांहून अधिक कैदी ब्रिटन आणि आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला पाठविण्यात आले. ह्यांत राजकीय बंडखोर थोडे होते. बहुसंख्य कैदी गरीब होते आणि त्यांचे गुन्हे क्षुल्लक चोऱ्यांचे होते. सात वर्षे, चौदा वर्षे किंवा जन्मभर, अशा ठराविक मापाने शिक्षा होत. ब्रिटनमधील तुरुंग भरले होते आणि नव्या वसाहतींना रस्ते, बंदरे, शेते उभी करण्यासाठी हात हवे होते. दारिद्र्याने निर्माण केलेला गुन्हेगार साम्राज्याने फुकटचा मजूर म्हणून वापरला.

आयर्लंडमधील परिस्थिती तर अधिकच बोलकी होती. तेथील जमीन इंग्रज वंशाच्या जमीनदारांच्या ताब्यात, कसणारा कूळ आणि तोही केव्हा हुसकला जाईल ह्याचा भरवसा नाही. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने बुडाले, सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, तितकीच देशोधडीला लागली. आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात राहिले. अशा वेळी ज्याने मेंढी चोरली तो चोर ठरला आणि ज्याने धान्य जहाजात भरले तो व्यापारी ठरला. कुळांचे हाल, सावकारी आणि दुष्काळ पाहिलेल्या मराठी शेतकऱ्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

हिंदुस्थानात कंपनी सरकारने हीच पद्धत अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. सिंगापूरचे अनेक रस्ते आणि सार्वजनिक इमारती हिंदी कैद्यांच्या श्रमांतून उभ्या राहिल्या. तेथील सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हे त्याचे ठळक उदाहरण. मॉरिशसमध्ये मुंबई आणि बंगाल इलाख्यांतील कैद्यांनी रस्ते बांधले. १८५८ च्या मार्च महिन्यात, सत्तावन्नच्या उठावानंतर, अंदमानात पहिले दोनशे कैदी उतरविण्यात आले. उलट दिशेचा प्रवासही होता. पूर्वेकडील वसाहतींतून आणलेल्या चिनी कैद्यांसाठी महाबळेश्वरला १८३४ मध्ये तुरुंग बांधण्यात आला. साहेबांच्या थंड हवेच्या त्या ठिकाणी बटाटे आणि भाजीपाला पिकविण्याचे, रस्ते बांधण्याचे काम ह्या कैद्यांनी केले. १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरला जाणाऱ्या किती पर्यटकांना ही गोष्ट ठाऊक असेल? साम्राज्याच्या नकाशावर माणसे अशी पटावरच्या सोंगट्यांप्रमाणे हलविली जात होती.

हिंदू समाजाच्या बाबतीत राज्यकर्त्यांना आणखी एक हत्यार आयते मिळाले. समुद्र ओलांडला की जात जाते, ही समजूत. ‘काळे पाणी’ ह्या शब्दाची धास्ती फाशीहून मोठी आहे, हे इंग्रज अधिकाऱ्यांनी ओळखले आणि तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. बेडी साहेबाची होती, परंतु तिला धार जातिव्यवस्थेने लावली.

दोन समवयस्क

ह्या पार्श्वभूमीवर दोन आयुष्ये शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. पहिले आयर्लंडमधील जॉन बॉइल ओरायली ह्यांचे. दुसरे आज रायगड जिल्ह्यात असलेल्या शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडके ह्यांचे. ओरायली १८४४ मध्ये जन्मले, वासुदेव बळवंत १८४५ मध्ये. दोघांनीही इंग्रज सरकारची चाकरी केली. ओरायली घोडदळाच्या पलटणीत शिपाई होते. वासुदेव बळवंत पुण्यात लष्कराच्या हिशेबी कचेरीत कारकून होते. दोघांनीही त्या चाकरीतच बंडाची दीक्षा घेतली.

ओरायली फेनियन ह्या आयरिश क्रांतिकारक संघटनेचे सभासद झाले आणि पलटणीतील आयरिश शिपायांना संघटनेत ओढू लागले. १८६६ मध्ये ते पकडले गेले. लष्करी न्यायालयाने देहान्ताची शिक्षा सुनावली व ती वीस वर्षांच्या सक्तमजुरीवर आली. १८६७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हुगोमाँट’ हे जहाज २८० कैद्यांना घेऊन निघाले. त्यांत ६२ फेनियन होते. ऑस्ट्रेलियाला कैदी घेऊन गेलेले हे अखेरचे जहाज. ह्या प्रवासात फेनियन कैद्यांनी हस्तलिखित वृत्तपत्र चालविले, त्याचे सात अंक काढले. साखळदंडांतही ज्यांना वृत्तपत्र काढावेसे वाटले, त्यांच्याविषयी चळवळीतील माणसाला आपलेपणा वाटल्यावाचून राहणार नाही. १८६८ च्या जानेवारीत जहाज फ्रीमँटलला लागले. ओरायलींना रस्त्याच्या कामावर धाडण्यात आले. एका कॅथलिक धर्मगुरूच्या साह्याने वर्षभरातच, १८६९ मध्ये, ते एका अमेरिकन जहाजातून निसटले. पुढे बोस्टनमध्ये त्यांनी ‘पायलट’ ह्या वृत्तपत्राचे संपादन केले, कविता आणि कादंबरी लिहिली, आयर्लंडच्या स्वातंत्र्याबरोबर अमेरिकेतील काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठीही आवाज उठविला. मागे राहिलेल्या सोबत्यांना ते विसरले नाहीत. १८७६ मध्ये ‘कटाल्पा’ हे जहाज पाठवून सहा फेनियन कैद्यांची सुटका करण्यात आली, त्या बेतात त्यांचा सहभाग होता.

वासुदेव बळवंतांचा मार्ग निराळा होता. आईच्या आजारपणात वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट हुकली. ह्या घटनेने त्यांच्या मनात सरकारी चाकरीविषयी कडवटपणा आला. पुण्यात रानडे ह्यांच्या व्याख्यानांतून देशाच्या आर्थिक शोषणाचे गणित त्यांनी समजून घेतले. लहुजी वस्ताद साळवे ह्यांच्या आखाड्यात ते तयार झाले. राष्ट्रीय शिक्षणाची आस धरून पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने मात्र त्यांची घालमेल निर्णयापर्यंत नेली. लाखो माणसे अन्नावाचून मरत असताना सरकार सारावसुली सोडीत नव्हते. सुशिक्षित मंडळी अर्जविनंत्यांच्या पुढे जाईनात, तेव्हा हा ब्राह्मण कारकून रामोशांकडे गेला.

हा क्षण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात मोठा आहे. रामोशी हे शिवकालापासून किल्ल्यांचे आणि गावांचे राखणदार. १८१८ नंतर इंग्रजांनी त्यांचे किल्ले व वतने काढून घेतली. ज्याचे काम राखण करणे, त्याची उपजीविका काढून घेतल्यावर त्याला लुटारू ठरविणे सोपे जाते. उमाजी नाईकांनी ह्याच अन्यायाविरुद्ध बंड केले आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आले. त्या परंपरेतील रामोशी, तसेच कोळी, भिल्ल, धनगर ह्यांना घेऊन वासुदेव बळवंतांनी १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूरजवळच्या धामारी गावावर पहिला छापा घातला. सावकारांच्या तिजोऱ्या फोडायच्या, त्या पैशातून सैन्य उभे करायचे, असा बेत होता. सरकारने त्यांच्यावर इनाम लावले, तेव्हा त्यांनी मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल ह्यांच्या मस्तकावर उलट इनाम जाहीर केले.

रोहा-पेणहून मुंबईकडे जाणारी प्रत्येक एस.टी. शिरढोणवरून पुढे पळस्पे फाट्याला लागते. १८७९ च्या मे महिन्यात दौलतराव नाईकांच्या तुकडीने घाट उतरून ह्याच पळस्पे परिसरात मोठा छापा घातला आणि सुमारे दीड लाखांची लूट नेली. परतताना मेजर डॅनियलच्या फौजेने त्यांना गाठले. त्या चकमकीत दौलतराव पडले आणि त्यांच्याबरोबर उठावाचा कणाच मोडला. वासुदेव बळवंत खचले, श्रीशैलाला गेले, तेथे आत्मवृत्त लिहिले, पुन्हा उभे राहून रोहिल्यांची जमवाजमव करू लागले; परंतु जुलैमध्ये कलादगी जिल्ह्यातील देवर नावडगी येथे आजारी अवस्थेत पकडले गेले. पुण्यात खटला चालला. त्यांची स्वतःची रोजनिशी आणि आत्मवृत्त हाच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेण्याचे धैर्य दाखविले. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

त्यांना पाठविण्यात आले ते एडनला. १८३९ मध्ये इंग्रजांनी जिंकलेले हे अरबस्तानातील बंदर तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभाराखाली होते. एकेकाळी रोहा-अष्टमीच्या बंदरातून भाताची गलबते कुंडलिकेतून रेवदंड्याकडे उतरत आणि किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला जात. त्याच अरबी समुद्रातून १८८० च्या जानेवारीत कुलाब्याच्या मातीतला हा माणूस बेड्या घालून नेण्यात आला. एडनच्या तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून निखळवून ते पळाले. भोवती वाळवंट, भाषा अनोळखी, आश्रय देणारा कोणी नाही. लवकरच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांचा तेथेच अंत झाला.

ओरायली निसटू शकले आणि वासुदेव बळवंत निसटू शकले नाहीत, ह्याचे कारण शौर्यातील फरक नव्हे. ओरायलींना ऑस्ट्रेलियात आयरिश वस्ती भेटली, त्यांचाच धर्मगुरू भेटला, बंदरात अमेरिकेचे जहाज उभे होते आणि अमेरिकेत लक्षावधी आयरिश निर्वासितांचा समाज पाठीशी होता. वासुदेव बळवंतांच्या पाठीशी समुद्रापलीकडे कोणीच नव्हते. क्रांतिकारकाचे धैर्य त्याचे स्वतःचे असते. त्याची सुटका मात्र समाजाच्या हातात असते.

डब्लिनपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत

आयर्लंड आणि हिंदुस्थान ह्यांतील दुवा केवळ कल्पनेचा नाही, तो एका माणसाच्या कारकीर्दीत प्रत्यक्ष दिसतो. ‘हुगोमाँट’वर फेनियन कैदी चढविले गेले तेव्हा आयर्लंडच्या कारभाराचे मुख्य सचिव होते ते लॉर्ड मेयो. मेयो स्वतः आयर्लंडमधील सरदार घराण्यातले, डब्लिनला जन्मलेले. १८६९ च्या आरंभी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. नागपूरचे मेयो हॉस्पिटल आणि अजमेरचे मेयो कॉलेज ह्यांच्या नावांतून ते अनेकांना परिचित आहेत. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानची पाहणी करण्यासाठी गेले असता शेर अली आफ्रिदी ह्या कैद्याने त्यांना भोसकून ठार मारले.

ही घटना पाठ्यपुस्तकांत येते. येत नाही ती दुसरी गोष्ट. मेयोंच्याच कारकीर्दीत, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. ह्या कायद्याने शिक्षेच्या कल्पनेतच उलथापालथ केली. तोवर माणूस गुन्हा करी, मग शिक्षा होई. आता जन्म हाच गुन्हा ठरला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असा जातिव्यवस्थेतून उचललेला युक्तिवाद कायद्याच्या समर्थनार्थ मांडण्यात आला. अशा जमातींची नोंदवही करावी, त्यांनी ठराविक वेळी हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, गरज पडल्यास त्यांना वसाहतींत कोंडावे, अशी व्यवस्था झाली. पुढील दुरुस्त्यांनी मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची मुभाही दिली. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये तो सर्वत्र लागू होण्याचा मार्ग मोकळा झाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली ‘सेटलमेंट’ हे त्याचे महाराष्ट्रातील दृश्य रूप.

आयरिश कैद्याला निदान तारीख माहीत असे. सात वर्षे संपली की तो मोकळा. मुदतीपूर्वीही चांगल्या वर्तनावर त्याला स्वतंत्रपणे काम करण्याचा परवाना मिळे. रामोशी, पारधी, कैकाडी, कंजारभाट ह्यांच्या शिक्षेला तारीखच नव्हती. त्यांना समुद्रापार नेण्याचीही गरज उरली नाही. त्यांच्या स्वतःच्या गावातच त्यांच्यासाठी काळे पाणी निर्माण करण्यात आले.

डाग धुतला गेला तो कशाने?

ऑस्ट्रेलियातील कैद्यांचा डाग सहजासहजी पुसला गेला, असे मात्र समजू नये. व्हॅन डिमेन्स लँड ह्या बेटाने तर कैद्यांशी जोडलेले आपले नावच १८५६ मध्ये टाकून दिले आणि टास्मानिया हे नाव घेतले. कितीतरी कुटुंबांनी आपला पूर्वज कैदी होता ही गोष्ट दडवून ठेवली. अभिमानाची भाषा आली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील कैद्यांच्या दप्तरांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसंग्रहात झाला. २०१० मध्ये तेथील अकरा कैदीस्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली. ज्या नोंदवहीत माणसाची उंची, डोळ्यांचा रंग आणि अंगावरचे व्रण टिपून त्याला जेरबंद केले होते, तीच नोंदवही आता वंशजांना आजोबांची ओळख करून देते.

हे कशामुळे घडले? उत्तर सरळ आहे: जमीन आणि मजुरी. सुटलेल्या कैद्याला कसायला जमीन मिळू शकली, हाताला काम आणि कामाला दाम मिळाला, मुलांना शाळा मिळाली, पुढे मताचा अधिकार मिळाला. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याच्या कपाळावरचा डाग काळाच्या ओघात फिका होतो. प्रतिष्ठा ही उपदेशाने येत नाही, तिला आर्थिक पाया लागतो, हा समाजवादी विचाराचा मूलभूत सिद्धांत ऑस्ट्रेलियाच्या इतिहासाने सिद्ध केला आहे.

परंतु ह्या सिद्धांताची काळी बाजू डोळ्याआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती जमीन कोणाची होती? ती तेथील मूळ रहिवाशांची होती. १८३८ च्या जूनमध्ये मायल क्रीक येथे किमान २८ आदिवासी पुरुष, स्त्रिया आणि मुले ठार मारण्यात आली. मारणाऱ्यांत बहुतेक कैदी किंवा सुटलेले कैदी होते. त्यांच्यापैकी सात जणांना फाशी झाली, ही त्या काळी अपवादात्मक गोष्ट. त्याच वर्षी फ्रीमँटलसमोरच्या रॉटनेस्ट बेटावर मूळ रहिवाशांसाठी तुरुंग सुरू झाला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर पुढे फेनियन कैदी उतरले, त्याच्या समोरच आपल्याच भूमीतून हद्दपार झालेली माणसे कैदेत होती. पिळलेल्याने आपल्याहून दुबळ्याला पिळावे, हीच साम्राज्याची खरी किमया. आयरिश कैद्याचा डाग पुसला गेला, परंतु त्यासाठी दुसऱ्याची भूमी खर्ची पडली. म्हणून ऑस्ट्रेलियाचे उदाहरण जसेच्या तसे उचलता येणार नाही. जमिनीचा न्याय हवा, पण तो कोणाला उखडून नव्हे.

कुलाब्याचा हिशेब

आता दृष्टी जवळ आणावी. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि ह्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत. म्हणजे दौलतराव नाईकांचे भाऊबंद आहेत. परंतु कायदा गेला तरी त्याची सावली गेली नाही. राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि जुन्या नजरेला नवे कलम मिळाले. लक्ष्मण माने ह्यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ वाचून मराठी मध्यमवर्ग हळहळला, त्याने पारितोषिके दिली. पण गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर, ही रीत त्या हळहळीने बदलली नाही. रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. शिफारशी कपाटांत साठत गेल्या.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता ह्यांच्या याचिकेवर दिलेला निर्णय ह्या दृष्टीने प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासण्यासारखा आहे. तुरुंगांत जातीनुसार कामे वाटून देणारे अनेक राज्यांचे नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींतील माणसांना केवळ जमातीमुळे संशयित किंवा सराईत समजता कामा नये, असे बजावले. प्रजासत्ताकाच्या तुरुंगांत पंचाहत्तर वर्षे जातीचा रकाना टिकून होता, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

रोहा-अष्टमीच्या आसपासच्या कातकरी वाड्या ह्याच कहाणीचे दुसरे पान आहेत. खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारी झाले आणि कातकऱ्याचा धंदा गुन्हा ठरला. वसाहतकालीन अधिकाऱ्यांनी त्यांच्या नावापुढे चोरीमारीचा शेरा लिहून ठेवला. ज्याचे जंगल गेले तो चोर झाला; ज्याने जंगल घेतले तो रक्षक झाला. जंगलात कसण्यासाठी मिळालेल्या दळी जमिनी एका नायकाच्या नावावर, कसणारी कुटुंबे अनेक. २००६ च्या वनहक्क कायद्याने हक्काचे दार उघडले खरे, परंतु कागद नसलेल्या माणसाला कागदावरचा हक्क मिळविणे किती दुष्कर असते, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. पावसाळा सरला की ही कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर उचल घेऊन जातात. ती उचल फिटेपर्यंत मालक सोडत नाही. मुले शाळेच्या पटावर असतात आणि शाळेत नसतात. ह्याला शिक्षा म्हणत नाहीत, हाच काय तो फरक.

वासुदेव बळवंतांचे स्मारक शिरढोणला आहे, मुंबईत त्यांच्या नावाचा चौक आहे, १९८४ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले. हे सारे योग्यच आहे. परंतु पुण्यतिथीच्या सभेत दौलतराव नाईकांचे नाव किती वेळा उच्चारले जाते? ज्या रामोशांनी, कोळ्यांनी, धनगरांनी बंदुकीच्या गोळ्या झेलल्या आणि खटल्यांत शिक्षा भोगल्या, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? पुढारी हुतात्मा आणि अनुयायी दरोडेखोर, ही वाटणी इंग्रज न्यायाधीशाने केलेली नाही. ती पुढे समाजाने केली. एकाच गुन्ह्यासाठी, एकाच ध्येयासाठी लढलेल्या माणसांत स्वातंत्र्यानंतरही जातीची पंगत मांडली गेली.

ह्यावर उपाय आहे आणि तो कार्यकर्त्यांच्या आवाक्यातला आहे. मुंबईच्या पुराभिलेखागारात इलाख्याच्या न्यायखात्याची दप्तरे आहेत. इतिहासाची गोडी असलेल्या तरुणांनी तेथे बसून १८७९ च्या उठावातील शिक्षा झालेल्या माणसांची नावे, गावे, शिक्षा ह्यांची यादी तयार करावी आणि ती त्या त्या गावी जाहीर वाचावी. १७ फेब्रुवारीच्या सभेत हारांबरोबर ही यादीही असावी. ३१ ऑगस्टचा विमुक्त दिन केवळ विमुक्तांनी साजरा करण्याचा दिवस नव्हे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाची मराठी माहिती पोलीस ठाण्यांपर्यंत आणि वाड्यांपर्यंत पोहोचवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोहा, पेण, सुधागड तालुक्यांतील प्रत्येक वाडीत घराखालची जागा कोणाच्या नावावर, दळीचा दावा कोठे अडला, जातीचा दाखला कोणाकडे नाही, ह्याची कुटुंबवार नोंद करून ती तहसील कचेरीच्या दारात नेऊन ठेवावी व उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. हे काम सभेसारखे दिखाऊ नाही. त्यासाठी चपला झिजवाव्या लागतील.

आयरिश कैद्याची नोंदवही त्याच्या वंशजांच्या हाती वारसा म्हणून आली, कारण मधल्या शंभर वर्षांत त्याच्या नावापुढे जमिनीचा, मजुरीचा आणि मताचा रकाना भरला गेला. रामोशी आणि कातकरी ह्यांच्या नावापुढे मताचा रकाना १९५० मध्ये घटनेने भरला. जमिनीचा आणि मजुरीचा अजून रिकामा आहे.